वाळूविना काच

१९७४ साली फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मार्सेल पुलँ लेसरसाठी नवा स्फटिक शोधत होते. झिर्कोनियम, बेरियम आणि सोडियम यांची फ्लोराइडं आणि चवीपुरतं निओडिमियमचं फ्लोराइड, असं मिश्रण त्यांनी धातूच्या बंद नळीत तापवलं आणि निवू दिलं. नळीतून पारदर्शक तुकडे निघाले, पण स्फटिकाचे पैलू काही त्यांना नव्हते. तपासल्यावर ती काच ठरली. मार्सेल, त्यांचे भाऊ मिशेल पुलँ, झाक ल्युका आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये हा शोध प्रसिद्ध केला.

त्या काचेत वाळूचा कण नव्हता. साडेतीन-चार हजार वर्षं माणूस काच करत आला तो वाळू वितळवून. वाळू म्हणजे सिलिका, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं जाळं. रेनच्या काचेत सिलिकॉनही नव्हतं आणि ऑक्सिजनही नव्हता. पुढे तिची जी पाककृती रूढ झाली ती अशी: झिर्कोनियम फ्लोराइड ५३ टक्के, बेरियमचं २०, लँथॅनमचं ४, ॲल्युमिनियमचं ३ आणि सोडियमचं २०. या मूलद्रव्यांच्या रासायनिक चिन्हांच्या आद्याक्षरांवरून तिला झेडब्लॅन म्हणतात.

या शोधाची गोष्ट सहसा सुदैवाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. चांगल्या काचेची पाककृती एका दिवसात सापडू शकते, पण ती काच आरपार एकसारखी, एकजिनसी करायला पिढ्या लागतात. विशेष काचांच्या इतिहासात खरी झटापट नेहमी तिथे झाली आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांची नावं पाककृती शोधणाऱ्यांच्या मानाने फार कमी घेतली जातात.

त्यातलं पहिलं नाव स्वित्झर्लंडमधल्या पिएर लुई गिनाँचं. त्याच्या आधीची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. दुर्बिणीच्या एकाच भिंगातून पाहिलं तर ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते, कारण काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळवते. हा दोष भिंगांनी जाणारच नाही, असं न्यूटनचं मत होतं. १७३०च्या दशकात लंडनच्या चेस्टर मूर हॉलनं साध्या काचेचं बहिर्गोल आणि शिसं घातलेल्या फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग जोडून तो बराचसा घालवला. १७५८मध्ये जॉन डोलंडनं त्याचं पेटंट घेतलं. अडचण फ्लिंटची होती. शिसं जड असल्यानं मुशीच्या तळाशी बसायचं, वर हलका रस राहायचा, आणि थंड झालेल्या काचेत धाग्यांसारख्या रेघा दिसायच्या. चार-पाच इंचांपेक्षा मोठी निर्दोष तबकडी मिळणं हे जवळजवळ नशिबावरच होतं.

गिनाँ न्यूशातेलजवळच्या ले ब्रने गावचा. शाळा बेताची, हात मात्र कसबी. घड्याळांच्या लाकडी पेट्या करायचा, ठोक्यांच्या घड्याळांसाठी लहान घंटा ओतायचा, आणि त्यातून सुटलेला पैसा स्वतः बांधलेल्या काचेच्या भट्टीत घालायचा. मुशी फुटल्या, भट्ट्या ढासळल्या, पुन्हा घंटा ओतून पैसे जमवावे लागले. हे वर्षानुवर्षं चाललं. अखेर त्याला उमगलं की रस ढवळला पाहिजे, आणि सतत ढवळला पाहिजे. लाकूड त्या उष्णतेत जळतं, धातूनं काचेला रंग चढतो. म्हणून त्यानं भाजलेल्या मातीचा ढवळणा केला. मुशीच्याच जातीची ती माती असल्यानं तिनं रस बिघडवला नाही. कित्येक तास ढवळलेल्या त्या काचेत रेघा उरल्या नाहीत.

ही युक्ती इतकी साधी आहे की तिचं मोल चटकन ध्यानात येत नाही. तिच्यामुळेच गिनाँला बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्नच्या कारखान्यात बोलावणं आलं. तिथे त्याच्या हाताखाली जो तरुण काच ओतायला शिकला त्याचं नाव योसेफ फ्राउनहोफर. १८१४च्या सुमारास फ्राउनहोफरनं सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा नोंदवल्या. त्या रेषांचा पहिला उपयोग त्यानं काचेसाठीच केला: कोणता रंग ही काच नेमका किती वळवते, हे आता एका पक्क्या खुणेवरून मोजता आलं. ताऱ्यांच्या रसायनशास्त्राचा पाया ठरलेलं हे काम काचेची प्रत तपासताना झालं. गिनाँच्या मुलाकडून ढवळण्याची कृती फ्रान्समध्ये बाँताँ या काचकाराकडे आणि १८४८नंतर बाँताँबरोबर इंग्लंडच्या चान्स ब्रदर्सकडे गेली.

पाककृती बदलण्याचे प्रयत्न इंग्लंडात चालू होते. मायकेल फॅरेडेनं १८२५नंतर काही वर्षं रॉयल सोसायटीसाठी शिसं आणि टाकणखाराच्या कुळातली जड काच करण्यात घालवली. दुर्बिणीच्या उपयोगी ती पडली नाही. पण १८४५मध्ये चुंबकानं प्रकाशाचं ध्रुवण फिरतं हे त्याला दिसलं ते त्याच जुन्या काचेच्या तुकड्यातून. विल्यम व्हर्नन हारकोर्ट या पाद्र्यानं १८३४पासून फॉस्फेटच्या, बोरॉनच्या, टायटॅनियमच्या काचा करून पाहिल्या आणि जॉर्ज स्टोक्सनं त्या मोजल्या. दिशा बरोबर होती, पण तुकडे लहान आणि रेघांनी भरलेले निघत. त्यामुळे मोजमाप अवघड झालं आणि काम मागे पडलं.

ते पुढे नेलं ओटो शॉट आणि अर्न्स्ट आबे या जोडीनं. शॉट खिडकीच्या काचा करणाऱ्या घराण्यातला रसायनशास्त्रज्ञ, आबे येना गावचा भौतिकशास्त्रज्ञ आणि कार्ल झाइसच्या सूक्ष्मदर्शक कारखान्यातला भागीदार. सूक्ष्मदर्शकाची ताकद किती वाढू शकते हे आबेनं कागदावर काढलं होतं, आणि कागदावरचं भिंग करायला बाजारात काचच नव्हती. १८७९मध्ये शॉटनं त्याला लिथियम घातलेल्या काचेचा नमुना पाठवला. नमुना आबेच्या कामाचा नव्हता, पण दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १८८२मध्ये शॉट येनाला राहायला आला आणि १८८४मध्ये झाइस पितापुत्रांसह त्यांनी काचेची प्रयोगशाळा काढली. बोरॉन, बेरियम, फॉस्फरस, जस्त, एकेक मूलद्रव्य घालायचं, ढवळायचं, सावकाश निववायचं, मोजायचं. १८८६च्या त्यांच्या पहिल्या यादीत ४४ प्रकारच्या काचा होत्या.

तरीही आबेला हवा होता तो एक गुण त्यातल्या कशातच पुरेसा नव्हता. दोन काचांची जोडी तांबडा आणि निळा एका बिंदूवर आणते, पण मधला हिरवा आणि टोकाचा जांभळा थोडे भरकटलेलेच राहतात, कारण फ्लिंटमध्ये वर्णपटाचं निळं टोक साध्या काचेपेक्षा जास्त ताणलेलं असतं. दोन्हींचा ताण सारखा असता तर ही शिल्लक उरली नसती. असा पदार्थ निसर्गात होता: फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक. त्याचा वक्रीभवनांक फक्त १.४३ आणि रंग फाकण्याचं प्रमाण अतिशय कमी. हे प्रमाण उलट्या बाजूनं मोजणारा जो अंक आज आबेच्याच नावानं ओळखला जातो, तो नेहमीच्या चांगल्या भिंगकाचेचा ६४ असतो आणि फ्लोराइटचा ९५. आबेनं गुपचूप आपल्या सूक्ष्मदर्शकांत फ्लोराइटची भिंगं घातली आणि १८८६मध्ये तीन रंग एकत्र आणणारी वस्तुभिंगं बाजारात आली. स्वच्छ खडे त्याला आल्प्समध्ये, ब्रिएन्झ सरोवराजवळच्या डोंगरात मिळाले आणि त्यासाठी तो स्वतः तिथे जात असे. काही काळ त्यानं हा घटक गुप्त ठेवला.

फ्लोराइट आपल्यालाही अनोळखी नाही. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ महोदरीच्या बेसॉल्टमध्ये गारगोटीच्या स्फटिकांवर मधाच्या रंगाचे फ्लोराइटचे गोळे सापडतात. जगभरचे खनिजसंग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. पण भिंगाला लागतो तो रंगहीन, तडे नसलेला, मुठीएवढा तरी खडा, आणि तसा खडा जगात कुठेच मुबलक नाही. शिवाय हा स्फटिक ठरावीक प्रतलांवर सहज फुटतो आणि उष्णतेनं चांगलाच प्रसरण पावतो. प्रयोगशाळेत तो वाढवण्याची रीत एमआयटीच्या स्टॉकबार्गरनं बसवल्यावर टंचाई संपली. १९६९मध्ये कॅननं कृत्रिम फ्लोराइटचं भिंग घातलेली ३०० मिलिमीटरची लेन्स विकायला आणली. वानखेडेच्या सीमारेषेबाहेर छायाचित्रकारांच्या लांबलचक पांढऱ्या लेन्स दिसतात, त्यांच्या पांढऱ्या रंगामागे हेच कारण आहे: उन्हात आतली भिंगं तापू नयेत.

पण स्फटिकाचा हा गुण काचेत आणता आला तर? काच ओतता येते, साच्यात दाबता येते, तिची तार ओढता येते. व्हिक्टर गोल्डश्मिटनं १९२६मध्ये बेरिलियम फ्लोराइडची काच होते हे दाखवलं होतं. १९३२मध्ये विल्यम झाकारियासेननं काच होण्याचे जे नियम मांडले त्यांत फ्लोराइडांपैकी हे एकच बसत होतं. आणि ते विषारी, वर हवेतली वाफ शोषणारं. १९४०च्या दशकात ईस्टमन कोडॅकमध्ये के. एच. सन यांनी निरनिराळ्या फ्लोराइडांचे मेळ बसवून काचा केल्या. त्याच कंपनीनं जॉर्ज मोरीच्या लँथॅनम काचांना बाजार दिला. मोरी पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाल्यावर अमेरिकेत भिंगकाच करायला धावलेल्या भूभौतिकी प्रयोगशाळेतला माणूस. त्याच्या कुळातल्या काही काचांत थोरियम असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानी कॅमेऱ्यांच्या एरो-एक्टार लेन्स आजही किरणोत्सारी आहेत. सन यांच्या फ्लोराइड काचांना मात्र तसं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही. फॉस्फेटमध्ये फ्लोराइड मुरवलेल्या तडजोडीच्या काचा तेवढ्या टिकल्या. हौशी खगोलनिरीक्षक ज्या एफपीएल-५३ काचेचं नाव घेतात ती याच घरातली, आणि तिचा आबे अंक फ्लोराइटच्या अगदी जवळ आहे.

रेनमधल्या तुकड्यांनी म्हणूनच खळबळ उडवली. झाकारियासेनच्या नियमांत लहान अणूभोवती तीन-चार शेजारी असावे लागतात. झेडब्लॅनमध्ये झिर्कोनियमभोवती सात-आठ फ्लोरिन असतात, आणि तरी ती काच होती. दोन वर्षांत रेनजवळ ल व्हेर फ्ल्युओरे नावाची कंपनीही निघाली. तोवर जगाला काचेच्या तारेचं वेड लागलं होतं. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६मध्ये सांगितलं होतं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तारेतून मैलोन्‌मैल जाईल. १९७०मध्ये कॉर्निंग या काच कंपनीतल्या तिघांनी किलोमीटरला १७ डेसिबल घट असलेली सिलिकाची तार काढली आणि त्या दशकाच्या शेवटी ती घट ०.२ डेसिबलवर आली.

त्याखाली सिलिका फारशी जाऊ शकत नाही, याला कारण आहे. तारेत प्रकाश दोन वाटांनी हरवतो. काचेच्या सूक्ष्म विषमतेवरून तो विखुरतो, आणि तरंगलांबी वाढवली की हे विखुरणं फार वेगानं, चौथ्या घातानं, घटतं. म्हणजे तरंगलांबी वाढवत न्यावी. पण पुढे अणूंची स्वतःची कंपनं प्रकाश गिळू लागतात. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध घट्ट आणि अणू हलके, म्हणून ही भिंत लवकर येते. फ्लोराइडमध्ये अणू जड आणि बंध सैल. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड आणि सैल असल्यानं खालच्या सुरात बोलते, तशी या जाळ्याची कंपनं संथ असतात आणि शोषणाची भिंत अवरक्तात दूर सरकते. जिथे दोन्ही नुकसानं कमीत कमी असतात ती जागा सिलिकात १.५५ मायक्रॉनवर येते, झेडब्लॅनमध्ये अडीचच्या आसपास. हिशेबानं तिथली घट किलोमीटरला ०.०१ डेसिबल निघाली. सिलिकाच्या तारेत १०० किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग उरतो. या काल्पनिक तारेत जवळजवळ ८० टक्के उरला असता.

समुद्राखालून, वाटेत एकही यंत्र न ठेवता, खंडाहून खंडाला जाणारी तार! ब्रिटिश टेलिकॉम, जपानची एनटीटी, अमेरिकी नौदलाची प्रयोगशाळा, सगळे या कामाला लागले. आणि गिनाँची अडचण सगळ्यांपुढे पुन्हा उभी राहिली. सैल बंधांची किंमत मोजावी लागत होती. सिलिकाची तार दोन हजार अंशांजवळ ओढतात आणि ती स्फटिक होण्याचं नाव घेत नाही. झेडब्लॅन ३००च्या थोडं वर ओढावी लागते, आणि आणखी चाळीस-पन्नास अंश चढले की तिच्यात स्फटिकांचे कण उगवतात. प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. लोखंड-तांब्याचे अब्जांशातले अंश, मुशीतून सुटलेले प्लॅटिनमचे कण, हवेतली वाफ, सगळं नडतं. सिलिका शुद्ध वाफेतून थरावर थर चढवून घडवता येते. झेडब्लॅनमधल्या पाच फ्लोराइडांसाठी तशी सोय नव्हती, ती मुशीतच वितळवावी लागत. प्रयोगशाळांत मीटरांत मोजाव्या अशा छोट्या तुकड्यांची घट एक डेसिबलच्या थोडी खाली आली, पण मैलोन्‌मैल तार तशी निघाली नाही.

मग १९८७मध्ये अर्बियम घातलेल्या सिलिकाच्या तारेचा प्रवर्धक आला. साउदॅम्पटनमध्ये डेव्हिड पेन आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेत बेल लॅब्समध्ये एमान्युएल देझुर्व्हीर. प्रकाशाचं विजेत रूपांतर न करता तो तारेतच वाढवता येऊ लागला आणि घट किती कमी हा प्रश्नच मागे पडला. १९९७मध्ये सुरू झालेली फ्लॅग केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली, ती अर्थात सिलिकाचीच. फ्लोराइड तारेवरचे मोठे प्रकल्प आवरले गेले.

एकजिनसीपणाचा ध्यास मात्र सुटला नाही. नासाच्या मार्शल केंद्रातल्या डेनिस टकर यांनी १९९०च्या दशकात झेडब्लॅनची तार घेऊन केसी-१३५ विमानातून झेपा घेतल्या. विमान कमानीसारखं उडतं तेव्हा वीसेक सेकंद वजन नाहीसं होतं. त्या काळात तापवलेल्या तारेत स्फटिक जवळजवळ उगवले नाहीत. जमिनीवर तापवलेली तशीच तार स्फटिकांनी भरली. गुरुत्वामुळे रसात उठणारे प्रवाह तिथे नसतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. २०१७च्या डिसेंबरात तार ओढण्याचं छोटं यंत्र आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेलं, आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लॉलेस फोटॉनिक्स या कंपनीच्या यंत्रानं तिथे सुमारे १२ किलोमीटर झेडब्लॅन ओढली. दोनशे वर्षांपूर्वी मातीच्या ढवळण्यानं जे साधलं ते साधायला आता पृथ्वीच सोडावी लागते आहे. मला हे वेड थोर वाटतं.

घट कमी करण्याच्या शर्यतीत मात्र बाजी भलत्यानंच मारली. साउदॅम्पटनच्या संशोधकांनी तारेच्या गाभ्यातली काचच काढून टाकली. भोवती सिलिकाच्या पातळ नळ्या आणि मधोमध हवा. २०२५मध्ये त्यांनी १.५५ मायक्रॉनला किलोमीटरमागे ०.०९१ डेसिबल घट नोंदवली. चाळीस वर्षं फ्लोराइडकडून ज्याची अपेक्षा होती ते काम पोकळीनं करून दाखवलं.

फ्लोराइड काच हरली असं यावरून म्हणणं चूक होईल, कारण तिची खरी वस्ती दोन मायक्रॉनच्या पलीकडे आहे आणि तिथे सिलिका आंधळी होते. खगोलशास्त्रज्ञांना ती पहिल्यांदा पटली. दोन दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ताऱ्याची तबकडी मोजायची तर तो प्रकाश लाटेला लाट जुळेल असा न्यावा लागतो. १९९१मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकवर व्हँसाँ कुदे द्यु फोरेस्तो आणि स्टीफन रिजवे यांनी २.२ मायक्रॉनचा प्रकाश फ्लोराइड तारेतून नेऊन जुळवला. तार वेडावाकडा तरंग गाळून टाकते, त्यामुळे मोजमाप अचूक होतं. त्याच मार्गावरचं ग्रॅव्हिटी हे यंत्र चिलीतल्या पॅरानलवर चार ८.२ मीटरच्या दुर्बिणींचा प्रकाश फ्लोराइड तारांतूनच घेतं. २०१८च्या मे महिन्यात आकाशगंगेच्या मध्याशी एस-२ हा तारा कृष्णविवराला वळसा घालून प्रकाशाच्या जवळजवळ तीन टक्के वेगानं गेला, तेव्हा त्याची जागा या यंत्रानं टिपली. इथे तार काही मीटरांची पुरते. किलोमीटरभर शुद्ध काच लागत नाही.

दुसरी वस्ती लेसरची. संथ कंपनांचा इथे आणखी एक फायदा होतो. सिलिकात काही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची ऊर्जा प्रकाश बनण्याआधीच काचेच्या कंपनांत विरून जाते. फ्लोराइडमध्ये ती टिकते. अर्बियम घातलेली झेडब्लॅन तार २.८ मायक्रॉनला लेसर देते. पाणी अवरक्त प्रकाश सर्वांत जोरानं शोषतं ते याच भागात, म्हणून असा किरण ऊतीत फार खोल न जाता वरचा पातळ थर कापतो. पण हवेतली वाफ तारेच्या टोकातून काचेत शिरते, तिचे हायड्रॉक्सिल गट हाच किरण शोषतात, टोक तापतं, तापल्यानं वाफ आणखी शिरते, आणि काही तासांत टोक जळून जातं. यावर उपाय म्हणून कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या गटानं तारेच्या टोकाला ॲल्युमिनियम फ्लोराइडच्या काचेचा, पाण्याला जास्त दाद न देणारा तुकडा सांधला. अशा टोकाच्या जोरावर त्यांनी २०१८मध्ये तारेतून ४० वॉटहून जास्त शक्तीचा लेसर काढला. तो तुकडाही झिजतो, फक्त सावकाश झिजतो.